कोरोना होऊन गेल्यावर लस, प्रतिकारशक्ती आणि वैयक्तिक निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सन 2021च्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत मी एका लसीकरण केंद्रावर नोंदणीच्या टेबलाशी स्वयंसेवक म्हणून बसत असे. रुग्णालयातून घरी सोडल्याचा कागद हातात धरून "मला होऊन गेलाय, मग आता लस कशाला?" असे विचारणारे लोक रोज येत, आणि "तसा नियम आहे" यापलीकडे आमच्याजवळ उत्तर नसे. प्रश्न रास्त होता आणि उत्तर तोकडे होते. त्या रांगेतल्या माणसांना जे सांगायला हवे होते, ते येथे शक्य तितक्या काळजीपूर्वक मांडले आहे. विज्ञान काय सांगते, माणसाने स्वतःसाठी काय ठरवावे आणि सरकारने कोणावर काय लादावे, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच या विषयावरचे बहुतेक वाद मिटत नाहीत, असे माझे मत आहे.

प्रश्न : ‘नैसर्गिक’ प्रतिकारशक्ती आणि लसीची प्रतिकारशक्ती यांत फरक काय? लसीची प्रतिकारशक्ती कृत्रिम असते का?

दोन्ही वेळी काम आपलेच शरीर करते. विषाणूचा परिचय झाला की काही पेशी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करतात, काही पेशी लागण झालेल्या पेशी शोधून नष्ट करतात आणि काही स्मरणपेशी म्हणून वर्षानुवर्षे मागे राहतात. फरक असतो तो परिचय कसा होतो यात. आजारात जिवंत विषाणू नाकाघशातून येतो, वाढतो आणि आपली सगळी प्रथिने शरीराला दाखवतो. त्यामुळे नाकाच्या आणि घशाच्या अस्तरातही काही काळ संरक्षण निर्माण होते. कोविशिल्डसारखी लस विषाणूचे फक्त काटेरी प्रथिन दाखवते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू वापरून बनवलेल्या कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला संपूर्ण विषाणू असतो. या दोन्ही लसी दंडात टोचल्या जात असल्यामुळे रक्तातील संरक्षण चांगले वाढते, पण नाकातील संरक्षण तितकेसे वाढत नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाला आपल्याकडे चांगुलपणाचा वास आहे आणि तोच येथे दिशाभूल करतो, म्हणून पुढे मी ‘आजारातून आलेली प्रतिकारशक्ती’ असेच म्हणणार आहे.

प्रश्न : आजारातून आलेली प्रतिकारशक्ती खरोखर चांगली असते का?

होय, आणि हे स्पष्टपणे सांगण्याची टाळाटाळ त्या काळात झाली, याची मला खंत वाटते. ऑगस्ट 2021मध्ये इस्रायलच्या मक्काबी आरोग्य सेवेतील संशोधकांनी आपल्या सभासदांच्या नोंदी तपासल्या. लागण आणि लसीकरण एकाच सुमारास झालेले दोन गट त्यांनी शेजारी ठेवले, तेव्हा विषाणूच्या डेल्टा प्रकाराच्या काळात लस घेतलेल्या पण पूर्वी आजार न झालेल्यांना लागण होण्याची शक्यता, आजार होऊन गेलेल्यांच्या तुलनेत सुमारे तेरा पट आढळली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने जानेवारी 2022मध्ये कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कची आकडेवारी प्रसिद्ध केली, तीही याच दिशेची होती : डेल्टा येण्यापूर्वी लसीचे संरक्षण सरस होते आणि डेल्टाच्या काळात आजार होऊन गेलेल्यांचे सरस ठरले. फेब्रुवारी 2023मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये 19 देशांतील 65 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यानुसार आजार होऊन गेल्यावर सुमारे दहा महिन्यांनीही गंभीर आजारापासूनचे संरक्षण 88 टक्क्यांच्या आसपास टिकून होते. ओमिक्रॉनच्या सुरुवातीच्या उपप्रकाराची पुन्हा लागण होण्यापासूनचे संरक्षण मात्र त्याच मुदतीत 36 टक्क्यांपर्यंत उतरले होते.

तेव्हा रांगेतला तो माणूस "मला होऊन गेलाय" असे म्हणत होता, तेव्हा तो अडाणीपणाने बोलत नव्हता. त्याच्या शरीराने खरोखर काहीतरी कमावलेले होते.

प्रश्न : मग आजार होऊन गेलेल्याने लस घेण्यात काय अर्थ होता?

अर्थ होता, कारण दोन्हींची बेरीज एकट्या आजाराच्या संरक्षणापेक्षा भक्कम आणि अधिक टिकाऊ असते. अमेरिकेतील केंटकी राज्यात मे आणि जून 2021मध्ये झालेल्या अभ्यासात, आदल्या वर्षी आजार होऊन गेलेल्यांपैकी लस न घेतलेल्यांना पुन्हा लागण होण्याची शक्यता पूर्ण लसीकरण झालेल्यांच्या 2.34 पट दिसली. जानेवारी 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका एकत्रित आढाव्यात, बारा महिन्यांनंतर गंभीर आजारापासूनचे संरक्षण केवळ आजार होऊन गेलेल्यांत 74.6 टक्के होते, तर आजार आणि लस असे दोन्ही झालेल्यांत 97.4 टक्के होते. दोन आढाव्यांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, कारण त्यांत घेतलेले अभ्यास, मुदती आणि विषाणूचे प्रकार वेगळे आहेत. पण दोन्हींची दिशा एकच आहे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. तरुण, निरोगी आणि नुकताच आजारातून उठलेल्या माणसाला लसीमुळे मिळणारा वाढीव फायदा होता, पण तो लहान होता. साठी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाला तोच फायदा मोठा होता. आपल्याकडे 19 मे 2021 रोजी केंद्र सरकारने बरे झाल्यानंतर तीन महिने थांबून लस घ्यावी असा सल्ला दिला, म्हणजे आजारातून आलेल्या संरक्षणाची दखल घेतली गेली होती. लसीच्या प्रमाणपत्रात मात्र या संरक्षणाला जागा मिळाली नाही. ती कथा पुढे येते.

प्रश्न : आजारातूनही प्रतिकारशक्ती येत असेल, तर लस टाळून एकदा आजार होऊ दिला असता तर काय बिघडले असते?

सगळ्यात जास्त घोळ याच प्रश्नात होतो, म्हणून येथे थोडे थांबू या. ‘आजार होऊन गेलेल्याचे संरक्षण चांगले असते’ हे वाक्य जिवंत राहिलेल्या माणसांविषयी आहे. आजारातून आलेल्या प्रतिकारशक्तीचे मोजमाप करताना ती मिळवायला गेलेले पण परत न आलेले लोक त्या हिशेबात नसतातच. लसीची किंमत म्हणजे दोन दिवसांचा ताप, अंगदुखी आणि अत्यंत विरळा असे गंभीर दुष्परिणाम. आजाराची किंमत वयानुसार आणि नशिबानुसार बदलत होती : कोणाला वास न येण्यावर निभावले, कोणाला महिनोन्‌महिने धाप लागत राहिली, आणि दुसऱ्या लाटेनंतर कित्येक मधुमेही रुग्णांना काळ्या बुरशीने गाठले व त्यांपैकी काहींचा डोळा किंवा जबडा काढावा लागला. महाराष्ट्रात सरकारी नोंदीप्रमाणेच 1 लाख 48 हजारांच्या आसपास माणसे गेली. रांगेतल्या त्या माणसाने आजाराची किंमत आधीच चुकती केली होती. ज्याने ती अजून भरलेली नाही, त्याने ती मुद्दाम भरावी असे त्याच्या उदाहरणावरून ठरत नाही.

लागण पसरू दिली की समाजाला सामूहिक प्रतिकारशक्ती येईल, हे म्हणणे तर महाराष्ट्रानेच तपासून पाहिले, तेही नकळत आणि फार महागात. जुलै 2020मध्ये मुंबईतील तीन विभागांत झालेल्या सेरो सर्वेक्षणात झोपडपट्टीतील 57 टक्के आणि इमारतींतील 16 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. पुण्यातील पाच प्रभागांत जुलै-ऑगस्ट 2020मध्ये हेच प्रमाण 51.5 टक्के होते. आता साथ ओसरली, असे तेव्हा अनेक जाणकारही बोलू लागले होते. फेब्रुवारी 2021मध्ये अमरावतीकडून रुग्णसंख्या चढू लागली आणि मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात खाट मिळवण्यासाठी लोक रात्रभर फोन फिरवत होते. त्या लाटेला पेटवणारा डेल्टा प्रकारही 2020च्या अखेरीस महाराष्ट्रातच प्रथम आढळला होता. ब्राझीलमधील मानाउस शहरात ऑक्टोबर 2020पर्यंत सुमारे तीन चतुर्थांश लोकांना लागण होऊन गेली असावी असा अंदाज होता, तरीही जानेवारी 2021मध्ये तेथील रुग्णालयांतला प्राणवायू संपला.

या चित्राची दुसरी बाजू लपवणे योग्य होणार नाही. मुंबईत दुसऱ्या लाटेच्या सुरुवातीचे बहुसंख्य रुग्ण इमारतींत होते आणि झोपडपट्ट्यांत तुलनेने शांतता होती. आधी होऊन गेलेल्या लागणीने वस्त्यांना काही प्रमाणात वाचवले, असे समजायला जागा आहे. परंतु एका वस्तीचे संरक्षण शेजारच्या सोसायटीतील आजोबांना पुरत नाही. देशपातळीवर पाहिले तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या डिसेंबर 2020-जानेवारी 2021मधील पाहणीत साधारण पाचांपैकी एका प्रौढात प्रतिपिंडे होती आणि जून-जुलै 2021मध्ये हेच प्रमाण 67.6 टक्के झाले. त्यात लसीचा वाटा अजून लहान होता, कारण लस न घेतलेल्यांतही हा आकडा साठ टक्क्यांच्या वर होता. या दोन आकड्यांमधील उडी म्हणजेच दुसरी लाट. देशाला प्रतिकारशक्ती मिळाली ती स्मशानातील रांगांच्या बदल्यात. लस हाती असताना हा मार्ग कोणी मुद्दाम सुचवावा, हे मला आजही समजू शकत नाही.

प्रश्न : अँटिबॉडी चाचणी करून ठरवता येते का?

वैयक्तिक निर्णयासाठी ही चाचणी फारशी उपयोगाची नाही. प्रतिपिंडांची अमुक पातळी म्हणजे अमुक इतके संरक्षण, अशी सर्वमान्य रेषा ठरलेली नाही. शिवाय प्रतिपिंडे काही महिन्यांत उतरतात, पण स्मरणपेशी त्यानंतरही टिकतात. 2003मध्ये सार्स झालेल्या रुग्णांच्या शरीरात त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी 17 वर्षांनीही सापडल्या आहेत. कोव्हॅक्सिनसारख्या पूर्ण विषाणूच्या लसीनंतर तर प्रतिपिंडे लसीची की आजाराची, हेही नेहमीच्या चाचणीतून उलगडत नाही.

प्रश्न : लस घेऊनही कोरोना झालाच. मग लसीने काय साधले?

लसीने लागण पूर्णपणे थांबेल, अशी अपेक्षा सुरुवातीला निर्माण झाली आणि ती वेळीच दुरुस्त केली गेली नाही. लसींनी सुरुवातीला लागणही बरीच रोखली. डेल्टाच्या काळात हा गुण कमी झाला आणि डिसेंबर 2021मध्ये आलेल्या ओमिक्रॉनने तो आणखी घटवला. मात्र रुग्णालयात जाण्यापासून आणि मृत्यूपासून मिळणारे संरक्षण टिकून राहिले. ओमिक्रॉनच्या लाटेत घरोघरी रुग्ण होते, पण दुसऱ्या लाटेसारखी प्राणवायूसाठी धावपळ झाली नाही. त्याचे श्रेय लस, पूर्वीची लागण आणि त्या प्रकाराचा स्वभाव या तिघांनाही जाते आणि त्यांचे वाटे नेमके वेगळे करून दाखवता येत नाहीत.

प्रश्न : लसीचे गंभीर दुष्परिणाम झाले, हे खरे ना? मग लपवले का?

कोविशिल्डसारख्या लसीनंतर अत्यंत विरळा, पण खऱ्या अर्थाने गंभीर अशी एक गुंतागुंत होते : रक्तातील प्लेटलेट कमी होऊन त्याच वेळी रक्ताच्या गुठळ्या होणे. युरोपात ती मार्च 2021च्या सुमारास लक्षात आली. ब्रिटनने 7 मे 2021 रोजी चाळिशीच्या आतील निरोगी लोकांना शक्यतो हिच्याऐवजी वेगळी लस देण्याचा सल्ला दिला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या समितीने 17 मे 2021 रोजी दर दहा लाख मात्रांमागे 0.61 अशी नोंद जाहीर केली. आपल्याकडे दुष्परिणाम नोंदवण्याची यंत्रणा इतकी विरळ आहे, की खरा आकडा याहून मोठा असू शकतो असे मला वाटते. एप्रिल 2024मध्ये ब्रिटनमधील न्यायालयीन कागदांच्या बातम्या आल्यावर ‘कंपनीने आता कबुली दिली’ असा गदारोळ झाला, पण ही माहिती तीन वर्षांपूर्वीपासून वैद्यकीय नियतकालिकांत आणि लसीच्या माहितीपत्रकांत होती. ती सामान्य माणसापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचवली गेली नाही, हा दोष आहे, आणि तो लहान नाही. ज्या घरात असा प्रसंग ओढवला, त्या घराला ‘लाखांत एक’ या आकड्याने दिलासा मिळत नाही. त्यांची दखल घेणे आणि त्यांना भरपाई देणे हे समाजाचे देणे आहे, असे मी मानतो.

तरुणांच्या अचानक मृत्यूंविषयी मात्र सरसकट जे बोलले जाते, त्याला आधार मिळालेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील 47 रुग्णालयांच्या मदतीने 18 ते 45 वयोगटातील 729 आकस्मिक मृत्यूंची तुलना त्याच वयाच्या व परिसरातील जिवंत व्यक्तींशी केली. लसीने धोका वाढल्याचे दिसले नाही, उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी होता. कोरोनामुळे पूर्वी रुग्णालयात राहावे लागणे, कुटुंबात आकस्मिक मृत्यूचा इतिहास असणे आणि अति मद्यपान यांचा संबंध मात्र आढळला.

प्रश्न : लस घ्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने कोणाचा?

ज्याचे शरीर त्याचाच. सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 रोजी डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल देताना, संविधानाच्या अनुच्छेद 21खालील शारीरिक स्वायत्ततेच्या हक्कामुळे कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याआधी जून 2021मध्ये मेघालय उच्च न्यायालयाने अशीच भूमिका घेतली होती, आणि जानेवारी 2022मध्ये केंद्र सरकारनेही संमतीशिवाय लस देण्याची तरतूद नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाला सांगितले होते.

हा निकाल बहुतेकांनी अर्धाच वाचला. न्यायालयाने केंद्राचे लसीकरण धोरण अवाजवी नसल्याचेही म्हटले आणि सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार काही निर्बंध घालू शकते, हेही मान्य केले. अट एवढीच, की ते प्रमाणाबाहेर नसावेत. लस न घेतलेल्यांकडून संसर्ग पसरण्याचा धोका लस घेतलेल्यांपेक्षा अधिक आहे असे दाखवणारी माहिती सरकारांनी पुढे ठेवलेली नाही, म्हणून रुग्णसंख्या कमी आहे तोवर राज्यांनी आपले निर्बंध मागे घ्यावेत, असे न्यायालयाने सुचवले. दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर खुली ठेवण्याचाही आदेश दिला.

प्रश्न : मग लोकलमध्ये चढू न देणे ही सक्तीच नव्हती का?

माझ्या मते ती आडवाटेने केलेली सक्ती होती. 15 ऑगस्ट 2021पासून मुंबईची लोकल दोन मात्रा घेऊन चौदा दिवस उलटलेल्यांसाठी खुली झाली. नोव्हेंबर 2021मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात एकही मात्रा न घेतलेल्यांना पेट्रोल आणि किराणा नाकारण्याचे आदेश निघाले. डोंबिवलीहून रोज कामाला जाणाऱ्या माणसाला लोकल बंद करणे म्हणजे त्याची रोजी बंद करणे होय. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022मध्ये, लोकलसंबंधीचे आदेश नियमांत सांगितलेल्या पद्धतीने काढलेले नाहीत, असे नमूद केले. एप्रिल 2022मध्ये राज्यातील निर्बंध उठले.

मला सर्वाधिक खटकते ती याहून वेगळी गोष्ट. युरोपीय संघाने 1 जुलै 2021पासून जे प्रमाणपत्र सुरू केले, त्यात लसीच्या बरोबरीने ‘आजारातून बरा झालेला’ हाही रकाना होता आणि तो चाचणीपासून 180 दिवस ग्राह्य होता. इस्रायलनेही बरे झालेल्यांना मान्यता दिली. आपल्याकडे एप्रिलमध्ये प्राणवायूवर राहून आलेल्या, नियमानुसार तीन महिने थांबलेल्या आणि मग कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील 12 ते 16 आठवड्यांचे अंतर पाळणाऱ्या माणसाला ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लोकलचा पास मिळू शकत नव्हता. त्याने प्रत्येक सरकारी सूचना पाळली होती. एक रकाना वाढवला असता तर त्याचा राग शमला असता आणि लसीवरचा विश्वासही वाढला असता.

प्रश्न : "माझे शरीर, माझा निर्णय" म्हटल्यावर इतरांचा काही संबंध उरतो का?

उरतो, पण किती उरतो हे आजारावर आणि लसीवर अवलंबून असते. देवी काढून घेतलेल्या माणसाकडून देवीचा प्रसार जवळजवळ होत नसे, त्यामुळे एकाच्या नकाराचा भार सगळ्या गावावर पडे. आपल्या देशात ही लस पहिल्यांदा 14 जून 1802 रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल हिला टोचली गेली आणि 1977मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. त्या मोहिमेत सक्तीचे समर्थन करता येईल इतका सार्वजनिक लाभ होता. कोरोनाच्या लसीचा लागण रोखण्याचा गुण जसा घटत गेला, तशी सक्तीच्या बाजूची ही मुख्य पायरीही ढासळली. रुग्णालये ओसंडून वाहत असताना आपला गंभीर आजार टाळणे हेही इतरांवरचे उपकारच होते, कारण ती खाट दुसऱ्याला मिळे. पण तो मुद्दा मन वळवण्याचा आहे, पेट्रोल बंद करण्याचा नाही.

सक्तीने काय होते हे पुण्याने 1897च्या प्लेगमध्ये अनुभवले आहे. सैनिक घरात शिरून रुग्ण शोधू लागल्यावर लोकांनी रुग्ण लपवले. याउलट त्याच वर्षी जानेवारीत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली.

निवडीचे स्वातंत्र्य मला मान्य आहे, परंतु खोट्या माहितीवर आधारलेली निवड ही खरी निवड नसते. लसीत चिप आहे असे सांगून ज्याला परतवले गेले, त्याचे स्वातंत्र्य त्या सांगणाऱ्याने हिरावून घेतले, आणि दुष्परिणामांची माहिती न देता ज्याला टोचले गेले, त्याचेही.

प्रश्न : मुलांचे काय?

आपल्याकडे 15 ते 18 वयोगटाला 3 जानेवारी 2022पासून आणि 12 ते 14 वयोगटाला 16 मार्च 2022पासून लस मिळाली. निरोगी मुलांत गंभीर आजार मुळातच विरळा असतो, आणि मार्च 2023मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटानेही निरोगी मुले व किशोर यांना कमी प्राधान्याच्या गटात ठेवले. गंभीर जन्मजात विकार किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असलेल्या मुलांसाठी निर्णय बालरोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा. गोवराच्या लसीला मात्र हा न्याय लावू नये. गोवर अत्यंत संसर्गजन्य आहे आणि ती लस लागणच रोखते.

प्रश्न : आज, इतक्या वर्षांनंतर, काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आता जवळजवळ प्रत्येकाला लस, लागण किंवा दोन्ही होऊन गेले आहेत, त्यामुळे ‘लस की आजार’ ही 2021मधली निवड आज त्या रूपात उरलेली नाही. निरोगी तरुणाने वर्धक मात्रा (बूस्टर) न घेण्याचे ठरवले तर त्यात बेजबाबदारपणा नाही. ब्रिटनमध्येही आता ती मुख्यतः 75 वर्षांपुढील आणि दुर्बल प्रतिकारशक्तीच्या लोकांनाच दिली जाते. घरात सत्तरी ओलांडलेले, कर्करोगावर उपचार घेणारे किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले कोणी असेल, तर त्यांच्या बाबतीत प्रश्न अजून जिवंत आहे. अशा वेळी एका कागदावर पूर्वीच्या लागणींचे महिने, घेतलेल्या मात्रांची नावे व तारखा, त्यानंतर काही त्रास झाला असल्यास तो, आणि सध्याची औषधे असे लिहून डॉक्टरांकडे न्यावे. लसीचे प्रमाणपत्र कोविनवरून उतरवून घेता येते. घरी सोडल्याचा तो जुना कागद मात्र बहुधा कपाटातच सापडेल, तोही बरोबर घ्यावा.